जत्रेचा दिवस आणि लवकर बावरणारं मूल



आपल्या सांगली-सातारा भागात जत्रेला महिना लागत नाही. चैत्रात शिखर शिंगणापूर आणि खरसुंडी, श्रावणातल्या सोमवारी हरिपूर, भाद्रपदात तासगावचा रथ, मार्गशीर्षात म्हसवडचा रथ, पौषात पालीचा खंडोबा आणि मांढरदेव. मिरजेचा उरूस आहे, पुसेगावची यात्रा आहे आणि प्रत्येक गावची आपली म्हणून एक जत्रा आहेच. वर्षभर राबणाऱ्या माणसाला हे दोन दिवस हवेसे वाटतात. मुलांना तर आठ-आठ दिवस आधी झोप लागत नाही.

परंतु पुष्कळ घरांतून एखादं मूल असं असतं, की आठ दिवस जत्रेचा ध्यास घेतं आणि प्रत्यक्ष जत्रेत पोचल्यावर अर्ध्या तासात त्याचं काहीतरी बिनसतं. आकाशपाळणा गरगरतोय, शेजारी मौत का कुव्यातली मोटारसायकल फडफडतेय, एकीकडे डॉल्बी, दुसरीकडे पिपाण्या, मध्येच भज्यांच्या कढईचा धूर. पोरगं दोन्ही हातांनी कान दाबून धरतं. आई म्हणते, "अरे बघ की, पाळणा बघ." पोरगं पाळण्याकडे पाहत नाही. मग बांगडीवाल्याच्या दुकानापुढं, ऐन गर्दीत, ते अंग टाकून देतं आणि किंचाळू लागतं. भोवती माणसं जमतात. एकजण म्हणतो, "दोन द्या ठेवून, गप बसंल." दुसरी म्हणते, "दृष्ट लागली बाई, अंगारा लावा." त्या आईची अवस्था काय होत असेल ती आपण पाहिलीच असेल. पुढल्या वर्षी घरात ठरतं, की याला आजीजवळ ठेवू या आणि आपण जाऊन येऊ. मग ते पोर दरवर्षी मागेच राहतं.

माझं आजचं बोलणं या मुलांविषयी आहे. त्यांना ओढत न्यायचं नाही आणि घरीही सोडायचं नाही, असं ठरवलं तर दिवस कसा आखावा, एवढाच विषय.

मुळात हे होतं का? आपल्या अंगावर एकाच वेळी शेकडो गोष्टी येऊन आदळत असतात. अंगातल्या सदऱ्याचा स्पर्श, दूरचा भोंगा, शेजाऱ्याचं बोलणं, पायाखालची खडी. यांतलं कामाचं तेवढं आत घ्यायचं आणि बाकीचं दाराबाहेर ठेवायचं, हे काम मेंदू आपल्या नकळत करीत असतो. काही मुलांच्या बाबतीत हा दारावरचा राखणदार सगळ्यांनाच आत सोडतो. शेजारच्या माणसाची पिपाणी आणि आईची हाक त्याला सारख्याच जोराने ऐकू येतात. अमेरिकेत जीन एअर्स नावाच्या बाईंनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात या विषयावर पुष्कळ काम केलं. स्वमग्न मुलांमध्ये, म्हणजे ज्याला ऑटिझम म्हणतात त्या मुलांमध्ये, हे फार आढळतं. आवाज, स्पर्श, उजेड यांबद्दलची ही वेगळी संवेदना स्वमग्नतेच्या लक्षणांमध्ये धरावी, असं अमेरिकन मनोविकार संघटनेने २०१३ साली आपल्या निदानग्रंथात नमूद केलं. अतिचंचल मुलांतही ते दिसतं. आणि कोणतंही निदान नसलेली, अभ्यासात हुशार, घरात हसरी-खेळती अशी मुलंही लवकर बावरणारी असतात. तेव्हा आपलं मूल कान झाकतं म्हणून लगेच त्याच्या कपाळी नाव चिकटवण्याची घाई करू नये. बोलणं उशिरा आलं असेल, नजरेला नजर देत नसेल, हाक मारल्यावर वळत नसेल, तर मात्र दाखवून घ्यावं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीत आणि शाळेत मुलांची तपासणी होते. त्या पथकाला विचारावं, ते पुढची वाट सांगतात.

शेतकरी माणसाला खरं म्हणजे हे समजावून सांगायला नको. खिलारी खोंड पहिल्यांदा बाजारात न्यायचा असेल तर आपण काय करतो? खरसुंडीला किंवा पुसेगावला जनावरं घेऊन जाणाऱ्यांना विचारा. खोंड ऐन दुपारी गर्दीत घुसवत नाहीत. पहाटे, बाजार भरायच्या आधी नेतात, कडेच्या झाडाखाली बांधतात, शेजारी त्याच्या ओळखीचं जनावर ठेवतात, घरची वैरण पुढं टाकतात आणि बुजायच्या आधीच त्याच्या पाठीवर हात ठेवतात. बुजलेल्या खोंडाला कोणी म्हणत नाही, की हा हट्टी आहे. जी अक्कल आपण गोठ्यात वापरतो ती घरात वापरायची, इतकंच.

हट्ट आणि बावरणं यांत फरक आहे, तो ओळखायला शिकलं पाहिजे. फुग्यासाठी रडणारं मूल रडता-रडता आपल्याकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतं, आणि फुगा हातात पडला की थांबतं. बावरलेल्या मुलाला फुगा द्या, ते फेकून देईल. आपण बघतो आहोत की नाही याचं त्याला भानच नसतं. ते थांबवू म्हटलं तरी त्याला थांबवता येत नाही. आणि हा भडका अचानक येत नाही. आधी कितीतरी वेळ मूल आपल्या परीने सांगत असतं. कोणाचे कान लाल होतात. कोणी बोलतं-बोलतं एकदम मुकं होतं. कोणी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणू लागतं. कोणी आईच्या पदरात तोंड खुपसतं. कोणी उगाचच जोरजोरात हसू लागतं, आणि आपल्याला वाटतं काय मजेत आहे पोर! प्रत्येकाची खूण निराळी. ती त्याच्या घरच्यांना ठाऊक असते, फक्त जत्रेच्या धांदलीत तिकडे लक्ष राहत नाही.

आता एक जत्रा डोळ्यांपुढे धरू. तासगावचा रथ घेऊ. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध पंचमीला, परशुरामभाऊ पटवर्धनांनी बांधलेल्या त्या मंदिरापुढून रथ निघतो आणि माणसं तो दोरांनी ओढत काशीविश्वेश्वराच्या देवळापर्यंत नेतात आणि परत आणतात. गुलाल आणि पेढे यांची उधळण असते. दोन शतकांहून अधिक काळ हे चाललं आहे. आपल्या भागात जन्मलेल्या मुलाने हा रथ एकदा तरी पाहावा असं कोणाला वाटणार नाही? पण दोन ताल चुकले तर त्या मुलाला रथ आठवायचा नाही, फक्त गुलालाने चुरचुरणारे डोळे आठवतील.

तयारी आधल्या आठवड्यात सुरू करावी. एखाद्या साध्या दिवशी सकाळी मुलाला घेऊन त्या देवळात जाऊन यावं. सात मजली गोपूर शांतपणे पाहू द्यावं, पायऱ्या मोजू द्याव्यात, रथ उभा असतो ती जागा दाखवावी. पाळणेवाले दोन-तीन दिवस आधी येतात. पाळण्याचे लोखंडी सांगाडे उभे होताना मुलाला दाखवण्यासारखी गोष्ट नाही. जे चक्र पुढे अंगावर आल्यासारखं वाटणार आहे, ते नटबोल्टांनी माणसं जोडताना पाहिलं की त्याची भीती निम्मी होते. रात्री झोपताना दिवसाची गोष्ट सांगावी. आधी वडापने जायचं, मग मावशीच्या घरी, मग गच्चीवरून रथ, मग दशमी खायची, मग परत. ज्यांना बोलणं कमी कळतं त्यांना चित्रं काढून दाखवावीत. चित्रं सुरेख हवीत असं नाही. चार रेघांची गाडी आणि चार रेघांचं घर पुरे. मात्र जे सांगाल तेच करावं. वाटेत "आलोच आहोत तर" म्हणून आणखी तीन घरं आणि दोन देवळं घालायची सवय आपल्या लोकांना फार. या मुलांच्या बाबतीत हा "आलोच आहोत तर" सगळा दिवस बुडवतो.

आता आवाजाविषयी थोडं विस्ताराने बोललं पाहिजे, कारण पुष्कळ मुलं आवाजानेच मोडतात. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. डॉल्बीच्या भिंतीपुढे आकडा शंभराच्या घरात जातो. हे दुप्पट वाटतं, पण डेसिबलचा हिशेब तसा नाही. दर दहा डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. म्हणजे ५५ वरून १०५ वर गेलं की लाखपट झाली. छातीत धडधडतं ते उगाच नाही. मोकळ्या मैदानात आवाजापासूनचं अंतर दुप्पट केलं की सहाएक डेसिबल उतरतात. मध्ये एखादं पक्कं घर आलं तर त्याहून जास्त. म्हणून पळताना सरळ रस्त्याने पळू नये, पहिल्या बोळात वळावं. कानांत कापसाचे बोळे घालतात, त्यांनी फार थोडा आवाज अडतो. कारखान्यात यंत्रांजवळ काम करणारे कानांवर जी जाड टोपणं लावतात, तशी लहान मुलांच्या मापाची मिळतात. ती आधी घरात, खेळ म्हणून, दोन-चार दिवस लावून बघावीत. जत्रेत पहिल्यांदाच लावली तर मूल ती टोपणंच भिरकावील.

येथे एक गंमत सांगतो. आवाज सोसत नाही म्हणजे संगीत सोसत नाही, असं नव्हे. मिरजेच्या उरुसात दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणं होतं. डॉल्बी ऐकून घरात कोनाड्यात लपणारा एक मुलगा तिथं तंबोऱ्याजवळ तासभर स्वस्थ बसलेला मी पाहिला आहे. त्याला आवाजाचा राग नव्हता. तंबोऱ्याचा सूर पुढल्या क्षणी काय करणार हे त्याला ठाऊक होतं. डॉल्बी आणि फटाका कधी काय करील याचा नेम नसतो.

रथाच्या दिवसाकडे परत येऊ. वेळ सकाळची धरावी, रथ निघायच्या बरीच आधी. जागा दोरापासून लांब, उंचावर, शक्यतो ओळखीच्या घराची गच्ची. तिथून आत एका खोलीत जाता आलं पाहिजे, पंखा लावून दार लोटून घेता आलं पाहिजे. कपडे नवे घालू नयेत. सणाला नवा सदरा हा आपला रिवाज खरा, पण नवं कापड टोचतं आणि मानेमागची पट्टी खुपते. धुवून मऊ झालेला सदरा बरा, गुलालाचंही मग दुःख नाही. गुलालाचं बोट आपण कौतुकाने ज्याच्या-त्याच्या कपाळी लावतो. स्पर्शाला नाजूक असणाऱ्या मुलाला ते चटका बसल्यासारखं वाटतं. ओला पंचा जवळ ठेवावा, आणि पाहुण्यांना आधीच हात जोडून सांगून ठेवावं. खाणं घरचं. भूक लागलेलं आणि तहानलेलं मूल लवकर भडकतं, आणि जत्रेतली भेळ त्याला नवी चव म्हणून आणखी एक ओझं होते. पिठलं-भाकरी खात असेल तर पिठलं-भाकरी न्यावी.

माणसं वाटून घ्यावीत. एका मोठ्या माणसाने त्या दिवशी फक्त त्या मुलाकडे बघायचं. त्याने रथ ओढायला जायचं नाही आणि गाठीभेटी घेत उभं राहायचं नाही. तासाभराने दुसऱ्याने त्याची जागा घ्यावी. आणि बहुधा हा माणूस म्हणजे आईच, असं आपण गृहीत धरून चालतो. का? बापालाही जत्रा थोडी कमी पाहून चालण्यासारखी असते. घरातल्या इतर मुलांचाही विचार हवा. एकासाठी सगळ्यांना परत फिरवलं, तर भावंडांच्या मनात त्याच्याविषयी अढी बसते. एकजण त्याला घेऊन लवकर निघेल आणि बाकीचे मागून येतील, हे सकाळीच ठरलेलं असावं.

आणि निघायचं केव्हा? मूल मजेत असताना. ही गोष्ट मनाला पटायला अवघड जाते. "आता कुठं रमलंय, थांबू या की थोडं" असं वाटतं. पण खूण दिसू लागली, की आपल्याजवळ फार तर पाच-दहा मिनिटं असतात, आणि गर्दीतून बाहेर पडायलाच तेवढी लागतात. पाऊण तासात रथाची पहिली हालचाल पाहून हसत परतलेलं मूल पुढल्या वर्षी दीड तास थांबेल.

एवढं करूनही भडका उडालाच तर बोलणं थांबवावं. समजूत घालणं म्हणजे आणखी आवाज. उचलून किंवा धरून बोळात न्यावं, सावलीला बसवावं, भोवतीची माणसं हटवावीत आणि मुकाट्याने जवळ बसावं. कोणाला घट्ट कवळून धरलेलं आवडतं, कोणाला हात लावलेला खपत नाही. ते ज्याचं त्याने ओळखावं. मारू तर नयेच. आणि त्या वेळी कोणी बाधा झाली म्हणून झाडायला न्या म्हणाला, तर स्पष्ट नाही म्हणावं. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारणं, चटके देणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने महाराष्ट्रात गुन्हा आहे. या कायद्यासाठी आयुष्य वेचलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर आपल्या साताऱ्याचेच. भक्ती असावी, देवाला नमस्कार असावा. किंचाळणाऱ्या पोराला धुरात धरणं ही भक्ती नव्हे.

नवसाचंही तसंच आहे. जावळ देवाच्या दारी काढायचं असं बोललेलं असतं. भर जत्रेत, अनोळखी हातांत, कानापाशी कात्री वाजत असताना ते काढण्याचा हट्ट कशासाठी? आड दिवशी देवळात जाऊन काढावं. आणि दर्शनाच्या रांगेचं म्हणाल, तर आपल्या परंपरेने या मुलांची सोय केव्हाच करून ठेवली आहे. ज्याला रांग सोसत नाही त्याने मुखदर्शन घ्यावं, तेही नाही जमलं तर कळसाला हात जोडावेत. कळसाचं दर्शन घेतलेल्या म्हाताऱ्याला आपण कमी भाविक समजत नाही.

जिवावर बेतणाऱ्या दोन गोष्टी आहेत. एक चेंगराचेंगरी. वाई तालुक्यात मांढरदेवला २५ जानेवारी २००५ रोजी पौष पौर्णिमेच्या यात्रेत काय झालं ते आपण विसरलेलो नाही. अरुंद वाट, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या, वरून-खालून रेटा आणि नंतर दुकानांना लागलेली आग. सुमारे तीनशे माणसं गेली. घाबरलं की जागच्या जागी बसकण मारणारं मूल अशा अरुंद चढावर ऐन पौर्णिमेला नेऊ नये. आधी किंवा नंतर न्यावं. दुसरी गोष्ट पाणी. बावरलेली मुलं गर्दीतून निसटतात, आणि स्वमग्न मुलांना पाण्याची विलक्षण ओढ असते. हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमावर श्रावणात नदी भरलेली असते. तिथं हात सोडायचा नाही. घरून निघताना मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो मोबाईलवर काढून ठेवावा, आणि आपला नंबर चिठ्ठीवर लिहून त्याच्या खिशात, सदऱ्याच्या आतल्या बाजूला टाचावा. न बोलणारं मूल सापडलं तरी कुणाचं ते सांगू शकत नाही.

आता शिक्षक बंधुभगिनींसाठी. जत्रा घरच्यांची, तशी सहल आपली. अलीकडे शाळा रायगडचा किल्ला पाहतात, तशाच खोपोलीजवळच्या इमॅजिकासारख्या करमणूक-बागेतही जातात. ती २०१३ साली सुरू झाली. आपल्याकडून निघायचं म्हणजे रात्रीचा प्रवास, अपुरी झोप, सकाळी फाटकाशी रांग, आत दिवसभर पाळणे, अंधारी दालनं आणि भोंगे. जत्रा अर्ध्या दिवसात तरी सोडता येते. इथं पन्नास मुलांची बस संध्याकाळपर्यंत हलत नाही. म्हणून अशा मुलाविषयी मुख्याध्यापक सोपा मार्ग काढतात आणि पालकांना हळूच सुचवतात, "याला नका पाठवू, त्रास होईल त्याला." हे बरोबर नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, आणि खेळ व मनोरंजनाची संधी इतरांच्या बरोबरीने द्यावी असं शाळांना त्यात सांगितलं आहे. कायदा नसता तरी, सगळा वर्ग गेल्यावर रिकाम्या बाकावर एकट्याने बसणं म्हणजे काय, ते शिक्षकाला कळायला हवं.

उपाय जड नाहीत. गटात एक जादा शिक्षक किंवा त्या मुलाचे पालक घ्यावेत. बागेच्या कार्यालयात आधी फोन करून, रांगेऐवजी काही व्यवस्था होते का आणि शांत बसायची जागा कुठं आहे ते विचारावं. डिस्नेच्या अमेरिकेतल्या बागांनी २०१३ पासून अशी पद्धत ठेवली आहे, की ज्याला रांगेत उभं राहणं झेपत नाही त्याला परत येण्याची वेळ दिली जाते आणि तोवर तो बाहेर बसतो. आपल्याकडे प्रत्येक ठिकाणी ती असेल असं नाही, पण विचारल्याशिवाय कोणी देत नाही. मुलाने दिवसभरात दोनच पाळणे बसायचे, कोणते ते त्यानेच आधी निवडायचे. काही मुलं याच्या अगदी उलट असतात. ती गरगरणाऱ्या पाळण्यातून उतरतच नाहीत, पुन्हा पुन्हा बसतात, आणि संध्याकाळी एकदम कोसळतात. त्यांनाही मध्येमध्ये सावलीत बसवावं लागतं. आणि वर्गातल्या मुलांना आधी सांगावं, की आपल्या अमक्याला मोठा आवाज सोसत नाही, तेव्हा त्याच्या कानाशी ओरडायचं नाही. मुलं हे फार चटकन समजून घेतात.

सहलीहून बस रात्री उशिरा येते. दुसऱ्या दिवशी हे मूल शाळेत आलं नाही, किंवा आलं आणि बाकावर डोकं टेकून पडून राहिलं, तर त्याला उठवू नये. "सहलीचे वर्णन" हा निबंधही त्याच्याकडे दोन दिवसांनी मागावा. लिहिता येत नसेल तर चित्र काढू द्यावं. त्याने पाळण्याऐवजी बसची खिडकी किंवा वाटेतली एखादी उसाची गाडी काढली, तरी ते चित्र बाकीच्यांच्या निबंधांबरोबर फळ्याशेजारी लावावं.